पत्ता अपुरा

2011 सालच्या नोव्हेंबरात एक मनीऑर्डर माझ्याकडे परत आली. पोस्टमननं तिच्यावर एकच शब्द लिहिला होता: मयत. टपाल खात्यात माझी 34 वर्षं गेली, त्यातली बरीचशी आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या डब्यात, धावत्या गाडीत रात्रभर पत्रं लावण्यात. 'मयत', 'घर बंद', 'घेण्यास नकार', 'पत्ता अपुरा' हे शेरे किती वेळा वाचले असतील याला गणती नाही. पण ते दुसऱ्यांच्या टपालावरचे. या मनीऑर्डरवर पाठवणारा म्हणून माझं नाव होतं.

पैसे आमच्या प्रार्थना गटाचे. नगरच्या आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला चर्चमागच्या खोलीत दहा-अकरा माणसं जमतात आणि बाहेर कामावर असलेल्या सुवार्तिकांसाठी, परिचारिकांसाठी, वसतिगृहं चालवणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. मी निवृत्त झालो तेव्हा त्या यादीची वही माझ्याकडे आली. अक्षर बरं आणि माणूस पोस्टातला, एवढीच माझी पात्रता. ज्यांची मनीऑर्डर परत आली ते सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करणारे एक सुवार्तिक. वर्षातून दोनदा आम्ही त्यांना थोडे पैसे पाठवायचो, एकदा ईस्टरला आणि एकदा सुगीच्या उपासनेनंतर. ते जूनच्या शेवटी तापानं गेले होते. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढं माझ्याच हातचं लिहिलेलं होतं: 'पावसाळ्यातील प्रवास, मोटारसायकल, सुरक्षितता.' म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, सतरा-अठरा बुधवार, अकरा माणसं डोळे मिटून एका गेलेल्या माणसाच्या मोटारसायकलीसाठी देवाकडे रदबदली करत होती.

पुढच्या बुधवारी मी ती मनीऑर्डर सगळ्यांना दाखवली. कोणी काही बोलेना. आमच्यात ऐंशी ओलांडलेल्या एक मावशी आहेत, त्या म्हणाल्या, "अरे, तो कुठं आहे ते देवाला ठाऊक होतं ना? मग तुमची प्रार्थना काय कचऱ्यात गेली?"

"देवाचं ठीक आहे मावशी," मी म्हणालो, "आपलं काय?"

त्यांनी जरा वेळानं विचारलं, "त्याच्या बायकोचं नाव काय होतं रे?"

वहीत बघितलं. वहीत लिहिलं होतं: 'आणि कुटुंब.'

त्या दोन शब्दांनी मला त्या शेऱ्यापेक्षा जास्त घायाळ केलं. चार महिने त्या बाईचं घर कसं चाललं असेल, मुलं शाळेत जात होती की नाही, मिशनचं घर रिकामं करायला कोणी सांगितलं होतं का, यातलं आम्हांला काही माहीत नव्हतं. आणि तरी दर आठवड्याला आम्ही त्यांना 'देवाच्या हाती सोपवून' घरी जाऊन जेवत होतो.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. देव सर्वज्ञ आहे असं आपण मानतो. मग दूरच्या मिशनकामासाठी मंडळीनं एकत्र बसून प्रार्थना करायची ती कशाला? त्याला बातमी पोचवायला नक्कीच नाही. आणि एकेकट्यानं घरी केली तर चालत नाही का? पाळकांना विचारलं तर ते शास्त्रवचनं देतात, आणि ती खरीच आहेत. पण मला उत्तर वहीच्या बाजूनं शोधायचं होतं.

मिशनसाठी मंडळीनं ठरलेल्या दिवशी जमायचं ही रीत आली कुठून, ते मी वाचून काढलं. 1784 साली इंग्लंडमधल्या नॉर्दम्पटनशायर परगण्यातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तासभर जमायचं आणि देवाचं राज्य जगभर पसरावं म्हणून मागणी करायची. जॉन सटक्लिफ या पाळकानं ते सुचवलं. त्याला ते सुचलं जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन धर्मपंडिताच्या एका पुस्तकावरून. पुस्तक 1740च्या दशकातलं, स्कॉटलंडमार्गे या मंडळींच्या हाती पडलं तेव्हा जवळजवळ तीन तपं उलटून गेली होती. आमच्या खात्यातही उशिराच्या बटवड्याचे विक्रम आहेत, पण हा त्यांत मानाचा.

त्याच परगण्यात विल्यम कॅरी नावाचा तेविशीतला एक चांभार होता. जोडे शिवायच्या जागी त्यानं जगाचा एक नकाशा हातानं काढून भिंतीला लावला होता आणि प्रत्येक देशाबद्दल जे वाचायला मिळेल ते तो त्यावर टिपून ठेवायचा. 1792 साली त्यानं एक छोटं पुस्तक छापलं. त्यात पानंच्या पानं कोष्टकं आहेत: देश, लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म. आणि शेवटी करायच्या गोष्टींत पहिली गोष्ट एकत्र प्रार्थना, मग लगेच आठवड्याला एक पेनी. प्रार्थना, कोष्टक आणि पेनी एकाच दमात सांगणारा हा माणूस मला एकदम जवळचा वाटला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंग गावी एका घराच्या मागच्या खोलीत मूठभर माणसांनी मिशन संस्था काढली आणि 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्सची वर्गणी कबूल केली. पहिला सोमवार ते ही वर्गणी, मध्ये आठ वर्षं.

पुढं कॅरी बंगालात आला, श्रीरामपूरला राहिला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली कोश. आमच्यातले काही उत्साही वक्ते इथं सरळ रेघ ओढतात: तिकडं सोमवारी प्रार्थना झाली म्हणून इकडं मराठीला व्याकरण मिळालं. मी अशी रेघ ओढणार नाही. कॅप्टन कुकच्या सफरींची पुस्तकं नसती, पूर्वेकडे जाणारी व्यापारी जहाजं नसती, तर तो चांभार नकाशासमोरच म्हातारा झाला असता. मला त्या आठ वर्षांचं जास्त महत्त्व वाटतं. आठ वर्षं ती माणसं जमत होती तेव्हा पाठवायला त्यांच्याकडे कोणी नव्हतं. यादी कोरी होती.

कॅरी निघाला तेव्हाची एक गोष्ट त्याचा मित्र अँड्र्यू फुलर सांगायचा. खोल खाणीत उतरायला एक जण तयार झाला आणि वरच्यांनी त्याला वचन दिलं की दोर आम्ही सोडणार नाही. मला ही गोष्ट खाणीची म्हणून कधी दिसलीच नाही. मी नगर जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहिरीतला गाळ काढतात. एक जण दोराला धरून खाली उतरतो, वर चौघं असतात. वरच्यांचं काम फक्त ओढायचं नसतं. खालून आवाज नीट येत नाही, तोंड दिसत नाही, म्हणून दोराला बसणारा हिसका हाताला कळावा लागतो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. लहानपणी वडिलांच्या मागं उभा राहून मी दोराचं टोक धरायचो आणि वडील ओरडायचे, "गप्पा मारू नको, हाताकडं लक्ष दे." आमच्या बुधवारच्या गटानं दोर घट्ट धरला होता यात शंका नाही. पण चार महिने दोराच्या खालच्या टोकाला कोणी नव्हतं आणि आमच्या हातांना ते कळलं नाही.

त्या गोष्टीत कॅरीच्या बायकोला दोर दिलेला नाही. डोरोथीला हिंदुस्थानात यायचंच नव्हतं. शेवटच्या घटकेला मनधरणी करून तिला जहाजावर चढवलं. 1794 साली तिचा पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यानंतर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही. 1807 साली ती श्रीरामपूरला वारली. शेजारच्या खोलीत नवऱ्याची भाषांतरं चालू होती. इंग्लंडात पहिल्या सोमवारी कॅरीचं नाव घेतलं जात असणारच. डोरोथीचं कोणी घेत असेल का? की तीही 'आणि कुटुंब'च?

एकट्यानं केलेल्या प्रार्थनेत आणि मंडळीच्या प्रार्थनेत हाच फरक असायला हवा होता. मी घरी एकटा एखाद्याचं नाव घेतो तेव्हा माझ्या अज्ञानावर बोट ठेवणारं कोणी नसतं. अकरा जण बसले असतील तर निदान एकानं विचारावं, "अहो, त्यांचं शेवटचं पत्र कधी आलं?" आम्ही अकरा असून एकासारखे वागलो. प्रत्येकाला वाटलं, वही ज्याच्याकडे आहे त्याला ठाऊक असेल. वहीवाल्याला वाटलं, देवाला ठाऊक आहे.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत बाराव्या अध्यायात असाच एक गमतीचा प्रसंग आहे. पेत्र तुरुंगात, मंडळी एका घरी जमून त्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना करते आहे. तो सुटून येतो, दार ठोठावतो. रूदा नावाची मोलकरीण आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत सांगायला पळते. आत प्रार्थना करणारे म्हणतात, तुला वेड लागलंय. बिचारा पेत्र बाहेर ठोठावतच राहतो. लूकनं हे लिहून ठेवलं म्हणून मी त्याचा ऋणी आहे. पहिल्या मंडळीचंही आमच्यासारखंच होतं हे कळलं की धीर येतो.

पौलाचं मला त्याहून विशेष वाटतं. रोमकरांस पत्राच्या शेवटाला तो अनोळखी माणसांना विनंती करतो की माझ्यासाठी प्रार्थनेत माझ्याबरोबर झुंजा. आणि कशासाठी, ते नेमकं सांगतो: यहूदियातल्या विरोधकांच्या हातून मी सुटावं, यरुशलेमकरांनी मी नेलेली मदत गोड मानून घ्यावी, आणि मग आनंदानं तुमच्याकडे यावं. याला म्हणतात पूर्ण पत्ता. 'जगातल्या सर्व मिशनऱ्यांना आशीर्वाद दे' असलं मोघम काही नाही. आता उत्तर काय मिळालं? यरुशलेमात जमावानं त्याला धरलं, दोन वर्षं कैसरियाच्या कोठडीत गेली, वाटेत जहाज फुटलं, आणि तो रोमला पोचला तो साखळदंडात. पोचला, हे खरं. रोमच्या मंडळीनं प्रार्थनेच्या यादीत त्याच्या नावापुढं 'उत्तर मिळाले' अशी खूण केली असेल की नाही, देव जाणे. आमच्या वहीतही तसा एक रकाना होता. मी तो बंद केला.

यश मोजण्याची ही खोड मिशनला फार जुनी आहे. किती गावं, किती बाप्तिस्मे. प्रार्थना सभेत असे आकडे वाचले की अंगावर मूठभर मांस चढतं आणि हळूहळू आपण व्याजाचा हिशेब बघायला आलेल्या ठेवीदारांसारखे बसू लागतो.

आता जरा अवघड भागाकडं येतो. माझे एक जुने मित्र आहेत, निवृत्त मास्तर. वारकरी, आषाढीला दिंडीबरोबर चालणारे. दिल्ली गेटजवळ आम्ही आठवड्यातून दोनदा चहाला भेटतो. ते एकदा म्हणाले, "का रे, तुम्ही लोक बुधवारी आमच्यासाठी प्रार्थना करता म्हणे? आम्ही कुठं अर्ज केला होता?"

मी हसलो, पण घरी येईपर्यंत हसू उतरलं. कारण अर्ज न करता ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांचाच मी वंशज. 1806 सालच्या ऑगस्टात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियासाठी प्रार्थना केली. त्यातून 1810 साली अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था निघाली. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरला. कंपनी सरकारनं त्याला परत जायला सांगितलं, तेव्हा त्यानं गव्हर्नर नेपियनला पत्रावर पत्र लिहून मुक्काम टिकवला. मराठी शिकला आणि 1826 साली नाशिकहून परतताना वाटेतल्या एका खेड्यात पटकीनं गेला. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. इथून गेलेली पत्रं 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापली जायची आणि तिकडच्या गावोगावच्या मंडळ्यांत महिन्याच्या सोमवारच्या सभेत ती वाचून प्रार्थना व्हायची. नेवासे तालुक्यातला माझा पणजोबा अशा एखाद्या पत्राचा विषय असणार. त्या पत्रांत आमची माणसं अंधारात चाचपडणारी असायची. ते वाचताना आजही कानशिलं तापतात. आमच्याकडं ओव्या होत्या, जात्यावरची गाणी होती, उपाशीपोटी एकमेकांना धरून ठेवायची रीत होती. तो सगळाच अंधार?

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर मी पणजोबाशी बेइमानी करीन. तो महार. गावच्या विहिरीवर त्याचा दोर चालत नव्हता. ज्या काळात शंभर पावलांवरचा माणूस त्याच्या सावलीला बाजूला सरत होता, त्या काळात सातासमुद्रांपलीकडे कोणी शेतकरी, कोणी सुतार, कोणी विधवा बर्फातून चालत जाऊन एका खोलीत बसायची आणि तो ज्या मुलखात राहतो त्या मुलखाचं नाव घ्यायची. उच्चार नक्की चुकत असणार. माहितीही अर्धवट. पत्ता अपुरा, पण पत्र टाकलेलं होतं.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या पणजोबाचं समजलं. माझं काय?"

"तुमच्या गुडघ्यासाठी करतो. तुम्हीच सांगितलं होतं, आळंदीपर्यंत तरी चालवला पाहिजे म्हणून."

"तेवढं कर. बाकीचं माझा विठोबा आणि मी बघून घेतो."

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. सुवार्ता सांगावी असं मी मानतो, नाहीतर या वहीत वेळ घालवला नसता. पण मंडळीची मिशनसाठीची प्रार्थना म्हणजे दुसऱ्याला बदलण्याची देवाकडे केलेली शिफारस असं मात्र मला आता वाटत नाही. अंत्युखियाची मंडळी उपास-प्रार्थना करत बसली होती, तेव्हा तिला काय ऐकू आलं? बर्णबा आणि शौल यांना वेगळे करा. म्हणजे तुमची सगळ्यात चांगली दोन माणसं द्या. प्रार्थनेचा पहिला फटका प्रार्थना करणाऱ्यांनाच बसला. मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी शिष्यांना सांगितलं जातं की पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा. दहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला त्याच बारा जणांना कामावर पाठवलं जातं. मध्ये एवढीशी जागा. म्हणून मी तरुण संघाच्या पोरांना थट्टेनं सांगतो, बुधवारी येताना जरा विचार करून या.

नोकरीत असताना दौंड-पुणे गाडीतून जाताना केडगाव स्टेशन लागायचं. (केडगाव दोन: एक आमच्या नगरला चिकटलेलं, एक दौंड तालुक्यातलं. निम्म्या लोकांना फरक ठाऊक नसतो आणि पत्रं भलतीकडं जातात.) दौंडच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1905 सालच्या जानेवारीत रमाबाईंनी तिथल्या मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बसायला बोलावलं. सुरुवातीला सुमारे 70 जणी होत्या; जूनपर्यंत संख्या शेकड्यांवर गेली आणि महिन्याच्या अखेरीस तिथं जे आध्यात्मिक संजीवन झालं त्याची वार्ता जगभर गेली. शेकडो कंठांतून एकाच वेळी मोठ्यानं होणारी ती प्रार्थना. मी काँग्रीगेशनल वळणाचा, एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं अशा घरात वाढलेला, मला तो कल्लोळ मानवला नसता. पण त्या मुली कोण होत्या ते बघा. दुष्काळातून उचललेल्या, टाकलेल्या, बालविधवा. कोणाच्या ना कोणाच्या यादीत 'अनाथ' म्हणून नोंदलेल्या. त्यांनी देशासाठी, स्वतःच्या लोकांसाठी मागायला सुरुवात केली आणि टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. यादीतलं नाव उठून यादी हातात घेतं, हे मला त्या कल्लोळाहून मोठं वाटतं.

बायकांना हे बहुधा लवकर कळतं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात, आपल्या देशाची सुखदुःखं सांगतात, आणि मग जगभरच्या मंडळ्या त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. आधी माहिती, मग मागणी. आमचा महिला संघ तो दिवस मन लावून पाळतो. आम्ही पुरुष चहाच्या वेळी पोचतो. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, 'बुहफाइ थाम' म्हणतात त्याला, आणि त्या मुठींवर तिथलं मिशनकाम चालतं. चुलीपाशी दिवसातून दोनदा हात आखडताना आपोआप कोणाची तरी आठवण होते. मला वाटतं, आमच्या वहीनं जे जमवलं नाही ते त्या मुठीनं शंभर वर्षं जमवलं आहे.

मनीऑर्डर परत आल्यावर मी, मावशी आणि आणखी एक जण असे तिघं एस.टी.नं सातपुड्याकडं गेलो. बाईंनी आम्हांला ओळखलं नाही, ओळखतील कशा? मावशींनी सगळ्यात आधी त्यांचं नाव विचारलं. घरी परतल्यावर मी जुनी वही बंद केली आणि नवी घातली. तिच्यात बायकोचं नाव, मुलांची नावं, शेवटचं पत्र किंवा फोन कधी आला त्याची तारीख. तीन महिने खबर नसेल तर प्रार्थनेआधी फोन करायचा. आणि विचारायचं, कशासाठी प्रार्थना करू? उत्तरं ऐकून आम्ही चकित झालो. एवढी वर्षं आम्ही त्यांच्यासाठी 'सेवेत सामर्थ्य' मागत होतो. त्यांना हवं होतं हातपंपाचं वॉशर, मुलीचं दहावीचं गणित, जोडीच्या सुवार्तिकाशी झालेलं भांडण मिटणं. एका परिचारिकेनं कळवलं: मला इथं कंटाळा आलाय, पण हे तुम्ही सभेत वाचू नका. नाही वाचलं. त्या दिवशी मावशी नुसतं तिचं नाव घेऊन बराच वेळ गप्प बसल्या.

अलीकडे आणखी एक गोष्ट झाली आहे. काही कार्यकर्ते कळवतात की गावाचं नाव लिहू नका, मोठ्यानं घेऊ नका, दिवस बरे नाहीत. मग वहीत नुसतं 'एक गाव' असतं. पूर्ण पत्त्याचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्याला हे जड जातं. पण आता निदान गाव ठाऊक असून नाव घेतलं जात नाही. पूर्वी ठाऊकच नव्हतं.

आणि ते सातपुड्याचे सुवार्तिक. बाईंनी पुढच्या वर्षी पत्र पाठवलं. पाड्यावरच बालवाडी चालवत होत्या. आपल्यासाठी त्यांनी काही मागितलं नव्हतं, एवढंच लिहिलं होतं की यांचं नाव तुमच्या वहीतून काढू नका. मी ते पत्र सभेत वाचलं आणि पंचाईत झाली. आम्ही प्रोटेस्टंट; गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही. पाळकांनी सौम्यपणे तेच सांगितलं. आर.एम.एस.मधला माझा वसईचा जुना सोबती हे ऐकून खो खो हसला. त्यांच्या कॅथलिक मंडळीत नोव्हेंबरचा सगळा महिना मृतांचा. "तुमच्याकडं मेल्यावर लगेच नाव कापतात का रे?" तो म्हणाला.

मी पाळकांना म्हटलं, साहेब, आम्ही मागणार काही नाही, नुसतं नाव घेऊ. ते म्हणाले, नुसतं नाव घेणं म्हणजे काय, ते मला नीट समजावून सांगा, मग बघू. ते मला अजून जमलेलं नाही. तोवर नाव वहीत आहे, बाईंच्या नावाच्या वरच्या ओळीत, पेन्सिलीनं. पाळक सभेला असले की मी बाईंच्या नावापासून सुरुवात करतो. नसले की मावशी म्हणतात, "वरून वाच."